मन खचले तर झाडपाला किती कामाचा?



या पानावर आपण एरवी खोडव्याची निगा, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त असे विषय वाचता. या खेपेस विषय जरा निराळा आहे. काट्यावर गाड्या लागलेल्या असतात, गट ऑफिसच्या कट्ट्यावर चार माणसे बसलेली असतात आणि कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतो, "अहो, हे बघा, डिप्रेशनवर हळद चालते म्हणे. अश्वगंधा पण चालते. मग ती डॉक्टरची गोळी कशाला खायची?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून जे नक्की ठाऊक आहे तेवढे येथे देत आहोत.

आधी आजार कशाला म्हणायचे ते पाहू. पाऊस लांबला, तोड लांबली, हप्ता अडकला, सोसायटीची नोटीस आली, तर कुणाही शेतकऱ्याला घोर लागतोच. त्याला आजार म्हणत नाहीत. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहते, ज्या कामात एरवी रस होता त्यात रस उरत नाही, झोप मोडते किंवा पहाटेच जाग येते, भूक मरते, अंगात तान राहत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटू लागते, जगण्याचा कंटाळा येतो, त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. आपल्याकडे माणूस ते या शब्दांत सांगत नाही. "कशात राम वाटत नाही", "काळीज धडधडतंय", "डोकं जड झालंय", "पित्त वाढलंय" असे म्हणतो. मग पित्ताची गोळी, ताकदीचे इंजेक्शन, सलाईन यांतच महिने निघून जातात.

हा आजार आजकालचा आहे, पूर्वी नव्हता, असेही कुणी समजू नये. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांची यादी आहे, तीत 'विषाद' हा शब्द स्पष्ट आलेला आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. तेव्हा मन खचणे ही भेकडपणाची खूण आहे, असे म्हणणाऱ्याने निदान अर्जुनाचा तरी विचार करावा.

आता झाडपाल्याकडे वळू. एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. पाडेगावच्या संशोधन केंद्रात उसाची नवी जात देण्याआधी ती प्रचलित जातीशेजारी लावून पाहतात. नुसती नवी जात लावली आणि टनेज चांगले आले, एवढ्यावर शिफारस होत नाही. कारण त्या साली पाऊसच चांगला झालेला असेल. औषधाचेही तसेच आहे. नैराश्याच्या आजारात औषध नसलेली, नुसती पिठाची गोळी दिली तरी दहांतील तीनचार जणांना काही आठवड्यांत बरे वाटते. कुणीतरी विचारपूस केली, काही उपाय चालू आहे असा धीर आला, शिवाय आजार कधीकधी आपोआपही उतरतो. म्हणून "आमच्या पाहुण्याला अमुक मुळीनं गुण आला" हे खरे असले तरी त्यावरून मुळीचा गुण सिद्ध होत नाही. शेजारी बिनऔषधाची सरी ठेवूनच ते कळते.

सर्पगंधेची हकीकत

झाडपाला आणि मनाचे आजार यांची सर्वांत मोठी गोष्ट आपल्याच देशात घडलेली आहे. ती जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचे झुडूप. पांढरी फुले, तांबूस देठ आणि सापासारखी वळत गेलेली मुळी. बिहारकडे या मुळीला 'पागल की दवा' म्हणत आणि वेडाच्या झटक्यात बेफाम झालेल्या माणसाला ती उगाळून देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब आणि वेड या दोन्हींवर वापरून त्याचे निष्कर्ष छापले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतील द्रव्ये वेगळी करण्यास आरंभ केला आणि एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन असे नाव दिले. पुढे १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात प्रसिद्ध केला, आणि तेव्हा कुठे जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. आपल्या गावच्या वैद्याला जे शेकडो वर्षे ठाऊक होते ते परदेशात छापून आल्यावरच खरे ठरावे, हे थोडे बोचते. पण झाले तसे.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधील बासल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. १९५४ साली अमेरिकेत डॉ. नेथन क्लाईन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि बेफाम रुग्ण शांत होतात असे नोंदवले. ज्या रुग्णालयांत माणसांना बांधून ठेवावे लागे तेथे हा मोठाच पालट होता.

इथपर्यंतची हकीकत मोबाईलवरच्या संदेशांतही असते. पुढची नसते. रक्तदाबासाठी हीच गोळी घेणारे काही रुग्ण हळूहळू उदास होऊ लागले. जेवण नको, बोलणे नको, रडू येते, जगावेसे वाटत नाही, अशा तक्रारी डॉक्टरांकडे येऊ लागल्या. १९५५ साली अमेरिकेतील प्रयोगशाळेत दिसून आले की रिसर्पीनने मेंदूतील सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा साठा रिता होतो. त्यातून विचार निघाला की ही द्रव्ये कमी झाल्याने मन खचत असेल, तर ती वाढवणारे औषध मन उचलून धरील. याच क्लाईन यांनी १९५७ साली क्षयरोगावरचे इप्रोनियाझिड हे औषध नैराश्यावर वापरण्याचा पुरस्कार केला, कारण क्षयाचे रुग्ण ते घेऊन भलतेच उत्साही होताना दिसले होते. आजच्या गोळ्यांची परंपरा अशी सुरू झाली. रिसर्पीनने खरोखर किती जण उदास झाले याविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, आणि सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य हे गणितही आता कुणी इतके सरळ मानत नाही. तथापि ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याला रिसर्पीन देऊ नये, ही सूचना आजही कायम आहे.

याचा आपल्याशी संबंध असा की, सर्पगंधेच्या गोळ्या आणि चूर्ण आपल्याकडे झोपेसाठी व रक्तदाबासाठी सहज मिळतात. झोप लागत नाही म्हणून खचलेल्या मनाचा माणूस नेमके तेच घेऊन बसतो. वैद्यांना विचारल्याशिवाय हे कदापि करू नये. जाणता वैद्यही आधी मनाची चौकशी करील.

पिवळ्या फुलाचे तण

नैराश्यावर ज्या वनस्पतीची सर्वांत जास्त तपासणी झाली ती आपल्याकडची नव्हे. युरोपात बांधाबांधावर उगवणारे हे पिवळ्या फुलाचे झुडूप, त्याला सेंट जॉन्स वॉर्ट म्हणतात. २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास ते फुलते म्हणून हे नाव. फूल चुरगळले की बोटे लाल होतात. काश्मीर-हिमाचलाच्या थंड भागातही ते आढळते. जर्मनीत डॉक्टर त्याच्या अर्काच्या गोळ्या लिहून देतात.

२००८ साली या अर्कावरील २९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ५,४८९ रुग्ण होते. पिठाच्या गोळीपेक्षा अर्काचा गुण जास्त आणि नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीस तोड आला, त्रासही कमी झाला. मात्र जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांत निकाल जास्त चांगले आणि इतरत्र कमी, ही गोष्ट त्याच आढाव्यात नमूद आहे. २००२ साली अमेरिकेत ३४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत तर अर्क पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरलाच नाही. आणि गंमत अशी की शेजारी ठेवलेली सर्ट्रालीन ही नेहमीची गोळीही मुख्य मोजणीत सरस ठरली नाही. तेव्हा सौम्य व मध्यम आजारात ही वनस्पती कामाची आहे असे म्हणण्यास जागा आहे, तीव्र आजारात तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

दुसरा धोका याहून मोठा. हा अर्क यकृताला इतर औषधे लवकर निकालात काढायला लावतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या, हृदयाची काही औषधे यांचा असर त्याने कमी होतो. २००० साली झुरिच येथे हृदय बदललेल्या दोन रुग्णांनी हा अर्क स्वतःहून घेतला आणि त्यांच्या शरीराने बसवलेले हृदय नाकारण्यास सुरुवात केली. नैराश्याच्या गोळीबरोबर हा अर्क घेतला तर सेरोटोनिन वाजवीपेक्षा चढून ताप, थरथर, घाबरेपणा असा जिवावरचा प्रकार होऊ शकतो. "झाडपाला आहे, अपाय तो कसला?" असे म्हणणाऱ्याने हे वाचावे. ज्या झाडात औषधाचे बळ आहे त्यात अपायाचेही असणारच. हे झुडूप खाऊन उन्हात उभ्या राहिलेल्या गाईमेंढ्यांच्या पांढऱ्या कातडीवर फोड येतात. अमेरिकेत ते तण म्हणून इतके माजले की १९४० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात ते खाणारे भुंगेरे सोडून त्याचा नायनाट करावा लागला. २००२ साली आपल्या उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक कामाला आले, त्यातलाच प्रकार.

हळदीचा उतारा

आता आपल्या रानातल्या पिकाकडे येऊ. ऊस मोडून हळद आणि हळद काढून ऊस, हा फेरा आपल्यापैकी पुष्कळ जण करतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेव्हा तिचे कौतुक झाले तर आपल्याला बरे वाटणारच.

गुजरातमधील भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नैराश्याच्या ६० रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ साली छापून आली. एका गटाला फ्लुओक्सेटिनची नेहमीची गोळी, दुसऱ्याला हळदीतील कर्क्युमिन रोज १,००० मिलिग्रॅम, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी गुण आला तो पहिल्या गटात शेकडा ६४.७, दुसऱ्यात ६२.५ आणि तिसऱ्यात ७७.८ जणांना. आकडे ऐकायला झकास आहेत. पण साठ माणसे म्हणजे फार थोडी, तिन्ही गटांतील फरक हिशेबात बसण्याइतका नव्हता, आणि बिनऔषधाची सरी येथे ठेवलेलीच नव्हती. कर्क्युमिन घेणाऱ्यांना जो गुण आला त्यांतील किती जणांना पिठाच्या गोळीनेही आला असता, हे या चाचणीवरून सांगता येत नाही.

त्यातही एक हिशेब सर्वांनी करून पाहावा. उसाला जसा साखरेचा उतारा असतो तसा हळदीला कर्क्युमिनचा. बाजारच्या हळद पुडीत तो सरासरी शेकडा ३ च्या आसपास भरतो. म्हणजे १,००० मिलिग्रॅम कर्क्युमिनसाठी रोज ३३ ग्रॅम, जवळजवळ तीन तोळे हळद पोटात जायला हवी. चहाच्या चमच्याने दहाअकरा चमचे! रात्रीच्या हळददुधात पडतो एक चमचा. शिवाय पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून चाचण्यांत खास तयार केलेला अर्क वापरतात, आणि अशा अर्काच्या कॅप्सूल जास्त दिवस घेऊन यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. हळददूध खुशाल प्यावे, घशाला बरे वाटते, झोपेआधी कुणी आपुलकीने आणून दिले तर मनालाही बरे वाटते. पण त्याला नैराश्याचे औषध समजू नये. आणि हळद घरची दळलेली असावी. काही ठिकाणी रंग खुलावा म्हणून पुडीत शिशाचा पिवळा रंग मिसळतात आणि शिसे तर मेंदूचेच वैरी आहे.

केशराची गोष्ट थोडक्यात. २००४ पासून इराणात तेहरान येथे रोज ३० मिलिग्रॅम केशर सहा आठवडे देऊन चाचण्या झाल्या आणि जुन्या इमिप्रामिन व फ्लुओक्सेटिन या गोळ्यांइतका गुण दिसला. चाचण्या तीस-चाळीस माणसांच्या, आणि बऱ्याचशा एकाच देशातल्या. आशा ठेवण्याजोगे काम आहे खरे. पण एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुले लागतात. स्वस्तात मिळणारे केशर म्हणजे बहुधा आपल्या सोलापूरकडच्या करडईच्या पाकळ्या असतात. करडई हे उत्तम गळिताचे पीक आहे, पण तिला केशराचा भाव देण्याचे कारण नाही.

अश्वगंधा, म्हणजे आपला आस्कंद, ताणतणाव आणि झोप यांवर काही चाचण्यांत बरा ठरला आहे. नैराश्यावर त्याचा पुरावा तोकडा आहे. यकृताला अपाय झाल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांतून आल्या आहेत. डेन्मार्कने तर २०२३ साली त्यावर बंदी घातली. गरोदर बाईने तो घेऊ नये, थायरॉईडच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारून घ्यावा. ब्राह्मीच्या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पाणथळ जागची जलब्राह्मी स्मरणशक्तीसाठी तपासली गेली आहे, नैराश्यासाठी तितकी नाही.

बाजारात काय मिळते हाही प्रश्न आहेच. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी होऊन २००८ साली अहवाल आला. दर पाचांत एकात शिसे, पारा किंवा सोमल सापडले. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल, लॉट नंबर पाहतो, पावती मागतो. जत्रेतल्या पालावरून पुडी घेताना मात्र काहीच विचारत नाही.

गोळी अर्ध्यावर सोडणे

खरी काळजी येथे आहे. एक घर डोळ्यांसमोर आणा. कर्त्या माणसाला दोन महिन्यांमागे डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी असा त्रासच आधी जाणवतो. माणूस म्हणतो, "माझं काय डोकं फिरलंय व्हय, वेड्याच्या गोळ्या खायला?" तेवढ्यात पाहुणा सांगतो, "दाजी, ती विलायती गोळी सोडा, आमच्याकडं एक मुळी हाय." गोळी बंद होते, मुळी सुरू होते. चार दिवसांत चक्कर, चिडचिड, झोप उडणे सुरू होते, कारण गोळी एकदम तोडलेली असते. घरची बाई म्हणते, "अहो, परत दाखवूया की डॉक्टरला." पण तोड सुरू असते, ट्रॅक्टर यायचा असतो. महिनाभरात आजार पहिल्यापेक्षा जोराने उलटतो. ही कुणा एकाची गोष्ट नव्हे, गोळी अर्ध्यावर सोडल्यावर असेच घडत जाते. गोळी सोडायचीच असेल तर ज्याने सुरू केली त्याला सांगून, मात्रा हळूहळू कमी करत सोडावी.

अशा दिवसांत घरच्यांनी एक काम आवर्जून करावे. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. जीव देण्याचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि काही वेळाने ओसरतो. त्या वेळी हाताशी काय आहे यावर बरेच अवलंबून असते. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर १९९५ पासून बंदी येत गेली, आणि २००५ पर्यंत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. "जगावंसं वाटत नाही" असे कुणी बोलला तर त्याला गप्प करू नये, उपदेशही करू नये. स्पष्ट विचारावे आणि एकटे सोडू नये. विचारल्याने विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे.

पोलिसांच्या भीतीने कित्येक घरे असा प्रसंग लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा देण्याऐवजी सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. तेव्हा दवाखान्यात नेण्यास क्षणाचाही उशीर करू नये.

गोळीशिवाय दुसरा उपाय काय, असे विचाराल तर आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच साध्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवले, त्यांनी बोलून, ऐकून घेऊन माणसांना धीर दिला आणि गरज पडली तेथे डॉक्टरांकडे नेले. २०१७ साली त्याचा अहवाल आला. पूर्वी नैराश्याच्या शंभर रुग्णांत जेमतेम चार जण कुणाकडे तरी मदतीला जात, ते सत्तावीस जाऊ लागले. सौम्य आजारात असे बोलणे हाच पहिला उपचार धरतात. आपल्या जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो. घरबसल्या बोलायचे असेल तर सरकारची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.

डॉक्टरांकडे जाताना घरात जे काही चालू आहे ते सगळे एका पिशवीत घालून न्यावे. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, आस्कंदाचे चूर्ण, जत्रेतली पुडी, मुलाने ऑनलाईन मागवलेली कॅप्सूल, काहीही मागे ठेवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून पुडी लपवण्याची आपल्याकडे रीत आहे. वैद्यांकडे जाताना डॉक्टरांच्या गोळ्या लपवतात, तीही तशीच. दोघांनाही दोन्ही दाखवावे.